आधी बॅनर, मग थांबा

२ जानेवारी, गुरुवार

बिबळवाडी फाट्यावरचा एसटी थांबा १ फेब्रुवारीपासून बंद. डेपोतल्या वाहतूक निरीक्षकांनी सकाळी फोनवर दुजोरा दिला. कारण — प्रवासी नाहीत. दोन महिन्यांत सकाळच्या गाडीला फाट्यावरून अकरा तिकिटं. ‘अकरा तिकिटांसाठी ब्रेक झिजवू का?’ म्हणाले. मग लगेच, ‘हे छापू नका हां.’ छापत नाही. इथे लिहून ठेवतो.

चार ओळींची बातमी करून पेपरच्या ठाणे ऑफिसला पाठवली. डेस्कवरच्या मितालीचा उलट फोन. ‘सर, एवढंच? प्रवासी का नाहीत, ते?’ मुलगी माझ्या निम्म्या वयाची आहे आणि प्रश्न बरोबर आहे. उद्या जातो.

३ जानेवारी, शुक्रवार

मोटरसायकलवरून बॅनर मोजत गेलो. मुरबाड सोडल्यापासून बिबळवाडी फाट्यापर्यंत एकशे चौदा. झाडं मोजली असती तर लवकर आटपलं असतं.

एकशे चौदांत ‘भावी’ एकोणतीस. जिल्हा परिषदेची निवडणूक कधी, ते कोणालाच माहीत नाही. त्यामुळे भावी हेच आता पद झालं आहे. काही जण तीन वर्षं ते निष्ठेनं सांभाळतायत. सगळ्यांची मांडणी एकच — वर मोठे नेते, पोस्टाच्या तिकिटाएवढे. मध्ये स्वतः, पुरुषभर. खाली शुभेच्छुकांची रांग, गॉगल लावून, मोबाइल कानाला. बहुधा एकमेकांनाच फोन करत असावेत.

फाट्यावरचा मात्र या सगळ्यांचा बाप. वीस बाय दहा, बांबूच्या चौकटीवर, पार जमिनीपर्यंत. दादांचा वाढदिवस, २४ जानेवारी. (दादांचं नाव इथे लिहीत नाही. रस्त्यावर पुरेसं लिहिलेलं आहे.) बॅनर नोव्हेंबरपासून उभा आहे. वाढदिवस एक दिवसाचा, शुभेच्छा तीन महिन्यांच्या.

टोकावड्याकडून गाडी येते तेव्हा आधी वळण, मग ओढ्यावरची मोरी, मग बॅनर आणि त्याच्या मागे थांबा. म्हणजे थांब्यावर उभा असलेला माणूस ड्रायव्हरला दिसतो तो गाडी त्याच्या पुढे गेल्यावर. बॅनरच्या अलीकडे उभं राहावं तर मोरी. पलीकडे डांबरावर यावं तर ट्रक.

प्रवासी नाहीत! प्रवासी आहेत. दादांच्या मागे आहेत.

संध्याकाळी जीपमधून एक मुलगी उतरली. रूपा, लखमा ठाकराची थोरली. मुरबाडला एमआयडीसीत औषधाच्या बाटल्या पॅक करते, सकाळी आठची शिफ्ट. मागे वाडीच्या पाण्याची बातमी केली होती, त्यामुळे ओळख निघाली.

‘काका, आमी सात जणी जायचो ना. आता मी एकटीच राहिली. बाकीच्यांनी सोडलं काम. गाडीच थांबत नाय तं काय करतील?’

‘जीप?’

‘जीप टोकावड्यावरून. चार किलोमीटर मागं चालत जायाचं, तं जीप भरल्याशिवाय हालत नाय. महिन्यात तीन लेट झाले का गेटवरच कार्ड काढून घेतात. थांबा बंद झाला तं माझा कार्ड गेलाच समजा.’

हे ती तक्रार म्हणून सांगत नव्हती. टाइमटेबल सांगावं तसं सांगत होती.

६ जानेवारी, सोमवार

सकाळी सव्वासहाला फाट्यावर. थंडी बोचरी, मोरीवर धुकं. रूपा डब्याची पिशवी घेऊन थांब्यावर. ६.४० ला टोकावड्याची वस्तीची, म्हणजे रात्री तिथेच मुक्कामाला असणारी, गाडी वळणावर दिसली — म्हणजे मला दिसली, मी मोरीच्या पलीकडे होतो. रूपाला फक्त आवाज आला. ती डांबरावर धावली, हात केला. गाडी शंभर पावलं पुढे गेल्यावर ब्रेकचे दिवे लागले. ती पळत सुटली. ती पोचायच्या आत दिवे विझले, गाडी गेली.

मी तिला मोटरसायकलवर एमआयडीसीच्या गेटपर्यंत सोडलं. वाटेत चाक पंक्चर. पोचलो तेव्हा आठ वाजून सहा मिनिटं. पहिला लेट.

दुपारी डेपोत त्या गाडीचा ड्रायव्हर सुदाम भेटला. भला माणूस. म्हणाला, ‘काका, देवाशपथ, फाट्यावर मला फक्त दादाच दिसतो. रोज हात जोडून उभा असतो, पण कधी गाडीत चढत नाय.’

७ जानेवारी

रस्त्याचं खातं: ‘रस्ता आमचा, बॅनर आमचा नाही.’
ग्रामपंचायत: ‘बॅनर आमच्या हद्दीत, पण रस्ता आमचा नाही.’
पोलीस: ‘तक्रारदार कोण?’ रूपाचं नाव सांगितलं. ‘बाई स्वतः येऊन देईल का लेखी?’ आली तर त्या दिवशी लेट लागेल, म्हणालो. साहेबांनी सहानुभूतीने मान हलवली. चहा पाजला. चहाच्या टपरीवरही बॅनर होता.

९ जानेवारी

बातमी आली. पान तीन, चार कॉलम: ‘फलकाआड थांबा, प्रवासी बेपत्ता’. फोटो मोठा. त्याच पानावर खाली दादांच्या वाढदिवसाची पाव पान जाहिरात, आगाऊ. आणलेली कोणी? मीच. तालुक्याला बातमी आणि जाहिरात एकाच माणसाच्या पिशवीतून जाते. तीस वर्षं जाते आहे. लाज वाटायचं वय गेलं असं वाटत होतं. तेवढं गेलेलं नाही.

१० जानेवारी

हनुमान घरी आला. हा दादांचा बॅनरमंत्री. तालुक्यातल्या प्रत्येक चौकटीवर कोण, कधी, किती दिवस — सगळं याच्या डोक्यात. मला वाटलं, भांडायला आला. हातात पेढे!

‘साहेब, काय फोटो आलाय! दादा खूश. चष्म्याची फ्रेमपण दिसते. दहा अंक पायजेत.’

‘हनुमान, बातमी वाचलीस का?’

‘वाचली ना. बॅनरमुळे थांबा दिसत नाय. म्हणजे बॅनर किती मोठा झाला असंल, विचार करा!’

एक पेढा खाल्ला. चांगला होता.

१२ जानेवारी, रविवार

दादांनी बातमीची दखल घेतली. मुरबाडच्या नाक्यावर आज नवा बॅनर: ‘फलकमुक्त रस्ता अभियान. संकल्पना — दादा.’ तीस बाय पंधरा.

१४ जानेवारी

आज या प्रकरणाचा तळ सापडला.

म्हशाची जत्रा, बैलबाजारासकट, काल लागली. लखमा यंदा बैल घेणार आहे. जोडीतला एक गेल्या वर्षी गेला, भाड्याच्या बैलावर लावणी केली. वाडीत गेलो तर अंगणात नव्या गोठ्याच्या मेढी उभ्या. वर काहीच नाही.

‘छप्पर?’ मी विचारलं.

‘छप्पर फाट्याला उभा हाय,’ लखमा म्हणाला.

मला कळायला वेळ लागला. वाडीत ही रीत जुनी आहे. बॅनर उतरला की घरी येतो — कोणाच्या पेंढ्यावर, कोणाच्या न्हाणीला, कोणाच्या कुडाला. कोणता कोणाचा, ते आधीच ठरतं, नंबर असतात. आणि एक कडक नियम: बॅनरवरची तारीख टळल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. आधी काढला तर ती चोरी, आणि मग त्या घराला पुन्हा नंबर नाही. आजवर कोणी मोडला नाही. तालुक्यात इतका नीट पाळला जाणारा दुसरा कायदा मला माहीत नाही.

फाट्याचा बॅनर लखमाच्या नंबरचा. तेवढ्यावर थांबलं असतं तर बरं. पण दिवाळीत हनुमान चौकट बांधायला आला, तेव्हा लखमाने त्याला गाठलं. दरवर्षी तिथे दहा बाय आठ लागायचा. वर, उंचावर. त्याखालून माणसं दिसायची. लखमा म्हणाला, गोठा मोठा हाय, यंदा जरा मोठा लाव ना रे. हनुमानला कोणी कधी मोठा लाव असं स्वतःहून सांगितलं नव्हतं. त्याचा ऊर भरून आला. वीस बाय दहा छापला.

‘म्हणजे लेकीचा थांबा तूच झाकलास?’

लखमाने गवताची काडी दातात धरली. ‘झाकला कुठं? मी छप्पर सांगितला व्हता. थांब्याचा मला काय म्हाईत!’

चुलीपाशी बसलेल्या रूपाने मान वर केली नाही. ‘मला म्हाईत व्हता,’ ती म्हणाली. ‘पैल्याच दिवशी. पन बैल पण पायजेच ना, काका.’

१५ जानेवारी

ही गोष्ट छापायची नाही. मिताली म्हणेल, अँगल मिळाला. मिळालाच आहे.

१६ जानेवारी

रूपाचा दुसरा लेट. जीप टोकावड्याला अर्धा तास भरेना.

१८ जानेवारी, शनिवार

तडजोड करून पाहिली. शहापूरला कामाला गेलो होतो. नाशिक महामार्गावर, एका ढाब्यामागे, दुसऱ्या पक्षाच्या मेळाव्याचा बॅनर घडी घालून पडला होता. तारीख डिसेंबरची, वीस बाय वीस, एक भोक नाही. ढाबेवाला म्हणाला, न्या, जागा तरी होईल. मोटरसायकलला बांधून, शेणव्यावरून, कंबर मोडून वाडीत आणला. माझ्या वयाच्या माणसाने विरोधी पक्ष एवढा वाहून नेऊ नये.

कल्पना साधी: हा घ्या, गोठा झाका. तो दादांचा बॅनर मी हनुमानशी बोलून उतरवतो.

लखमाने उलगडून पाहिला. बैल परवाच आला आहे, पांढरा, अंगाने भरलेला. तोही बघत होता.

‘याचा नेता वेगला हाय,’ लखमा म्हणाला.

‘तोंड आतल्या बाजूला कर. बाहेरून पांढरा दिसेल.’

‘मंग बैलाला दिसंल ना रातभर.’

‘बैलाला काय कळतंय?’

‘बैलाला नाय कलत. हनुमानाला कलतंय. तो येतो ना बैल बघाया! वर बघितला तं? मंग रस्त्याचा काम, पान्याची लाइन, घरकुल — सगला त्याच्याच हातून जातंय ना, साहेब.’

हनुमानला फोन केला. ‘साहेब, वाढदिवसाच्या सहा दिवस आधी उतरवू? उद्या दादांनी गाडी थांबवली फाट्यावर तर? त्यांना तिथे त्यांचा बॅनर नको दिसायला?’ दादा फाट्यावर कधी थांबले, विचारलं. ‘थांबले नाय. पण थांबले तर?’

दादांसाठी थांब्याची इतकी काळजी घेणारा माणूस आहे. एसटीला मिळाला असता तर!

विरोधी पक्ष वाडीतच ठेवून आलो.

२० जानेवारी, सोमवार

सकाळी सातला लखमाचा फोन. लखमा कधी फोन करत नाही.

रूपा डांबरावर उभी राहून मोबाइलचा उजेड दाखवत होती. सुदामला उजेड दिसला, त्याने गाडी हळू केली. मागून भाजीचा टेम्पो सुसाट येत होता, त्याने गाडी चुकवायला डावीकडे घेतली. रूपाने मोरीत उडी मारली. गुडघा फुटला. डबा गेला. टेम्पो थांबलासुद्धा नाही.

पोचलो तेव्हा सुदाम गाडी बाजूला लावून तिच्याजवळ बसला होता. गाडीतली माणसं खाली उतरून बॅनरखाली उभी. ‘मी थांबायला पायजे नव्हतं,’ सुदाम म्हणत होता, पुन्हा पुन्हा. रूपा उलट त्याचीच समजूत काढत होती. ‘तुमी थांबले म्हणून काय झालं? थांबायचंच असतं ना थांब्यावर.’

लखमा मला फोन करून वाडीत गेला होता, तो कोयता घेऊन आला. पोरीकडे पाहिलं, गुडघा पुन्हा दाबून पाहिला, हाड शाबूत आहे एवढी खात्री केली. मग चौकटीकडे गेला आणि एकेक सुतळी तोडायला लागला. भर दिवसा, बसभर माणसांसमोर. तारीख टळायला चार दिवस होते.

‘बाबा, नंबर जाईल,’ रूपा म्हणाली.

‘जाऊ दे.’

बॅनर खाली आला तसा थांबा दिसला. पत्र्याची पाटी, गंजलेली: बिबळवाडी फाटा. सुदाम म्हणाला, अरे, इथे पाटी आहे होय! चार वर्षं तो याच रस्त्यावर आहे.

त्याने रूपाला गाडीतून गेटपर्यंत नेलं, वेळापत्रक मोडून. गाडीतल्या एकाही माणसाने कुरकुर केली नाही. आठ वाजून दोन मिनिटं. वॉचमनने गुडघा पाहिला आणि घड्याळाकडे पाहिलं नाही. लेट लागला नाही.

२१ जानेवारी

हनुमान काल दुपारीच वाडीत आला होता, चार पोरं घेऊन. मी उशिरा पोचलो, शेवट तेवढा ऐकला.

‘चार दिवस दम नाय निघाला तुला? दादांना काय सांगू मी?’

लखमा बैलाला पेंढा टाकत होता. वळला नाही. ‘सांग का लखम्याने काढला. दादाचा वाढदिवस पुढल्या साली पण येल. पोरगी पुढल्या साली येल का?’

मागे मंगळी आणि सावळी उभ्या — काम सुटलेल्या सहा जणींतल्या दोघी. मंगळी म्हणाली, ‘हनुमानदादा, तुमी उद्या पावनेसातला फाट्याव उभे राहा, बॅनर धरून. आमी सगल्या तुमच्या मागं राहतो. बघू कोन दिसतंय.’

हनुमानबरोबरची पोरं हसली. मग तोही. बॅनरची घडी त्याच्या पायाशी होती. त्याने पायाने ती गोठ्याकडे सरकवली आणि गेला. हे क्षमापत्र होतं की नाही, लखमाला कळलं नाही. मलाही. पण संध्याकाळी बैलावर छप्पर होतं. दादांचं तोंड वर, आकाशाकडे.

२२ जानेवारी

गाडी थांबली. चार जणी चढल्या.

२३ जानेवारी

थांबली. सहा.

२४ जानेवारी

दादांचा वाढदिवस. शुभेच्छा देऊन आलो, जाहिरातीचं बिलही. फाट्यावरच्या प्रकाराबद्दल दादांनी एक शब्द काढला नाही. मग लक्षात आलं, त्यांना माहीतच नाही. एकशे चौदांतला एक कमी झाला, ते त्या माणसाला कळणार कसं?

२८ जानेवारी, मंगळवार

थांबा कायम. वाहतूक निरीक्षकांनी लेखी दिलं. सहा दिवसांत सकाळच्या गाडीला फाट्यावरून चौतीस तिकिटं. ‘हे छापा,’ म्हणाले.

छापलं. ‘बिबळवाडी थांबा वाचला’. दोन कॉलम. लखमाचं नाव घातलं नाही, त्याच्याच सांगण्यावरून. ‘नंबर परत मिलंल अशी बोलनी चाललीत, साहेब, उगा कशाला?’ त्यामुळे बातमीत थांबा आपोआप वाचल्यासारखा दिसतो. असो. मितालीचा मेसेज: ‘सर, भारी.’ रूपाचा फोन: महिन्यात दोनच लेट, तीन दिवस राहिले, कार्ड वाचला म्हणून समजा.

बऱ्याच दिवसांनी असं झालं की बातमी लिहिली आणि काहीतरी जागचं हललं. या धंद्यात हे वर्षातून एकदा होतं. ते कोणत्या वर्षी, तेवढं सांगता येत नाही.

२९ जानेवारी

काही नाही. झोपलो.

३१ जानेवारी, शुक्रवार

सकाळी ६.५२. रूपाचा फोन, धापा टाकत.

‘काका, गाडी गेली. मी तुमच्याच मागं उभी व्हते.’

काल संध्याकाळी फाट्यावर नवा बॅनर लावला. वाडीने घरटी वर्गणी काढली, हनुमानने छापून दिला, लखमाने स्वतः त्याच चौकटीवर बांधला. मला सांगायचं नाही, असं ठरलं होतं. वीस बाय दहा. ‘थांबा वाचविल्याबद्दल जाहीर आभार.’ मध्ये मी, आमच्या वर्धापनदिनाच्या अंकातला फोटो कापून. पुरुषभर. हसतो आहे. सुदाम आज सुट्टीवर, गाडीवर बदली ड्रायव्हर.

मोटरसायकलवर नेलं तरी गेटवर आठ वाजून चार मिनिटं. महिन्यातला तिसरा लेट. चार वाजता तिला ऑफिसात बोलावलं आहे. मीही जाणार. तिथे काय बोलायचं, ते अजून लिहून झालेलं नाही.